कपाटात ठेवलेला आवाज

वडिलांना आम्ही नाना म्हणतो. धुळ्याचं देवपूरमधलं घर सोडून ते जळगावला माझ्याकडे आले, तेव्हा त्यांना थोडं कमी ऐकू यायचं. दुपारी ते माझ्या कॉम्प्युटरवर कीर्तनाचे व्हिडिओ लावत, तेही आवाज पूर्ण वाढवून. मी शेजारच्या खोलीत ऑफिसचं काम करायचो. ‘आवाज कमी करा’ म्हणायची हिंमत होत नव्हती. शेवटी एके दिवशी सेटिंगमध्ये जाऊन मी आवाज ब्लूटूथ हेडफोनकडे वळवला आणि हेडफोन कपाटात ठेवून दिले.

नानांनी बटणं दाबून पाहिली, स्पीकरची वायर काढून परत लावली. मग मला हाक मारली, “आवाज शे का रे?”

“आहे की, नाना,” मी त्यांच्या कानाशी जाऊन म्हणालो.

“मंग मना कान गयात.”

आपले कान गेलेच असं धरून त्यानंतर ते रोज कानात कोमट तेल घालू लागले. चाळीसगावला त्यांच्या पुतणीचं लग्न होतं, तिथेही आले नाहीत. “काही ऐकू येत नाही, नुसती मान हलवत बसू का?” म्हणाले.

लग्नाहून परतल्यावर मी आवाज पुन्हा स्पीकरवर आणला आणि त्यांच्यासमोर बसून सगळं सांगितलं.

“कमी करा म्हणाला असतास तर केला असता ना,” नाना एवढंच बोलले.

आता ते आवाज इतका बारीक ठेवतात की त्यांना स्वतःलाच ऐकू येत नसणार. मी काम सोडून उठतो आणि वाढवून देतो. माझी पाठ वळली की ते पुन्हा कमी करतात.