रिपोर्टातलं पहिलं नाव

नोकरीच्या पहिल्या दिवशी सुमनताईंनी मला गाव विचारलं. मी म्हणालो, पोखर्णी. त्यांनी माझा लॅपटॉप पुढे ओढला, चारदा काहीतरी टाइप केलं आणि पाचव्यांदा तो उघडला. "पोखर्णीचा माणूस म्हणल्यावर पासवर्डात नरसिंह असणारच," त्या म्हणाल्या. "आता बदल. आन देव बदलून पुन्हा देवच टाकू नको."

परभणीतल्या आमच्या छोट्या कंपनीत त्या बारा वर्षं ऑपरेशन्स सांभाळत होत्या. सेलूकडच्या जिनिंगवर कापसाच्या गाड्यांना नंबर देणारं सॉफ्टवेअर बंद पडू द्यायचं नाही, एवढंच त्यांचं काम. "चालू हाय ना? मग हात लावू नका," हे त्यांचं ठरलेलं उत्तर. एक्केचाळिसाव्या वर्षी मात्र त्यांच्या मनानं घेतलं, आपण सिक्युरिटी टेस्टिंगमध्ये जायचं. "बारा वर्षं राखण केली. आता फोडून बघते."

अभ्यास त्या ताडकळसहून येताना बसमध्ये करायच्या. कानात इअरफोन, मांडीवर वही. वहीवरचं 'आत शिरण्याचे मार्ग' हे शीर्षक वाचून एकदा कंडक्टर म्हणाला, "ताई, कुणाच्या घरात घुसायलात?" ताई शांतपणे म्हणाल्या, "परवानगी घेऊन घुसायलेय, काका." ही हकीकत ऑफिसात सांगताना हसून हसून त्यांच्या हातातला चहा सांडला.

साहेबांनी अट घातली. आपलंच सॉफ्टवेअर आठ दिवसांत फोडून दाखवा. जमलं तर नवं काम, नाही तर पुन्हा जुनी खुर्ची. लेखी परवानगी दिली. तीन दिवस ताईंना काही सापडेना. त्या डबाही विसरू लागल्या. चौथ्या दिवशी दुपारी त्या एकदम इतक्या मोठ्यानं हसल्या की मी दचकलो.

आत जायची वाट सापडली होती. सहा वर्षांपूर्वी कुणीतरी एका दुपारच्या कामापुरतं खातं उघडलं होतं आणि ते बंद करायचं राहिलं होतं. त्या खात्यातून सेलूच्या रांगेतली कुठलीही गाडी मागची पुढे करता येत होती. पासवर्ड होता suman123.

मी हळूच म्हणालो, "ताई, गुपचूप बंद करा. दुसरं काहीतरी शोधू."

"काऊन? मी टेस्टिंग करायलेय का माझी इज्जत राखायलेय?"

रिपोर्टात त्यांनी सगळ्यात वर लिहिलं: चूक करणारी, सुमन. त्याखाली: चूक शोधणारी, सुमन. साहेबांनी ते दोनदा वाचलं. "आता शिक्षा कुणाला आणि शाबासकी कुणाला?"

"दोन्ही मलाच द्या साहेब. शाबासकी आधी."

साहेब हसू दाबत बसले. शिक्षा म्हणून त्यांनी सगळ्या जुन्या खात्यांची यादी करायला लावली आणि शाबासकी म्हणून नवं काम दिलं.

दोन वर्षांनी ताईंना पुण्याला मोठी नोकरी लागली. निघायच्या दिवशी खाली रिक्षा उभी होती, तरी त्या माझ्या शेजारी येऊन बसल्या. "तू आजवर एका दिवसापुरती म्हणून किती खाती उघडलीस? खरं सांग." मी शोधली. सात निघाली. मान वर करायची हिंमत होईना.

शेवटी शेजारी पाहिलं, तर ताईंचा चेहरा उजळला होता.

"सात? आरं, माझं तर एकच होतं. तू लय पुढं जाशील."