सतरा तासांचं विमान

हे बायकोलासुद्धा ठाऊक नाही. तुम्हाला सांगतोय ते तुम्ही भले वाटता म्हणून नाही — तुमचा मेधाशी काही संबंध नाही, म्हणून.

मेधा माझी धाकटी बहीण, सिडनीला असते. ती मला कधीच आवडली नाही — का लपवू? वडील जाण्याआधी अर्धांगानं दोन वर्षं अंथरुणावर होते, त्यांचं सगळं मी केलं. ती रविवारी व्हिडिओ कॉलवर रडायची आणि फोन ठेवल्यावर आई म्हणायची, "किती जीव आहे पोरीचा." माझा जीव काय दतिया गेटला भाजी आणायला गेला होता?

मग मेधाला दिवस गेले. बाळंतपणाला आई हवी म्हणून तिनं तिकीट पाठवलं. आईच्या पायांच्या शिरा फुगलेल्या. सीपरी बाजारातले डॉक्टर म्हणाले, "बारह-तेरह घंटे निकल जाएँगे माताजी, बीच-बीच में टहलती रहिएगा. उससे लंबा सफ़र मत कीजिए." आईचा चेहरा खुलला. घरी येताच तिनं तिकिटाचा कागद मागून घेतला.

आई फौजीची बायको. रेल्वेचं वेळापत्रक वाचत तिनं बदल्यांमागे आयुष्य काढलेलं. सुटायची वेळ, पोचायची वेळ, वजाबाकी — कुणाला विचारायची गरज नसे. दिल्लीहून दुपारी दीड. सिडनीला सकाळी साडेसहा. बोटांवर मोजून ती म्हणाली, "सतरा तास होतात रे."

होत नाहीत. सिडनीचं घड्याळ त्या दिवसांत आपल्यापेक्षा साडेचार तास पुढे असतं. दहा हजार किलोमीटर खरे, पण थेट विमान साडेबारा तासांत पोचतं. माझ्या ऑफिसातले दोघं त्यानंच जाऊन आले होते. मला माहीत होतं. एक वाक्य बोलायला काय लागत होतं?

मी म्हणालो, "बघ, तूच ठरव."

दोन दिवस ती तो कागद पुन्हा पुन्हा काढत होती — कुठे चुकून तास जास्त धरलेत का, म्हणून. मी समोर बसून पेपर वाचत होतो. वाईट वाटत होतं? नाही. बरं वाटत होतं. मेधाला हवी ती एक गोष्ट मिळणार नव्हती.

पायांचं मेधाला कळू द्यायचं नाही, हे आईनंच ठरवलं. पोटुशी पोर, काळजी करेल. फोनवर एवढंच म्हणाली, "इथलं घर सोडून नाही गं येववत." मेधानं फोन ठेवला. तिचं सिझेरियन झालं, नवरा कामावर, ती बाळाला घेऊन घरात एकटी. आईनं तिच्यासाठी डिंकाचे लाडू वळले होते. ते आम्हीच खाल्ले. मीही खाल्ले.

पुढे आईचे पाय आणखी बिघडले. मेधाही रागानं इकडे फिरकली नाही. नातीला एकदाही मांडीवर न घेता आई गेली — गेल्या वर्षी.

तेराव्याला मेधा आली. सोबत न्यायला तिनं आईची एक साडी काढली होती. तिची घडी घालता घालता, माझ्याकडे न बघता तिनं विचारलं, "दादा, आईला माझ्याकडे यायचंच नव्हतं ना?"

या वेळी गप्प बसून भागण्यासारखं नव्हतं.

"नव्हतं," मी म्हणालो.

तिनं साडी परत कपाटात ठेवली.