पहिली पात

शेतात पाय ठेवण्याआधी रोज, म्हणजे दिवसाची मजुरी, विचारणारी बाई आमच्या गावात एकच होती. कापणीला बायांची टोळी नेणारी टोळीवाली मावशी. बांधावर उभी राहून ती म्हणायची, "आधी रोज बोला, मग पात धरते." पात म्हणजे कापणीत एकेका बाईच्या वाट्याला येणारा पट्टा. पहिली पात मावशीची, दुसरी माझ्या आईची.

नळदुर्गच्या अलीकडं आमचं गाव. सोयाबीन पिकलं की मोठे शेतकरी मारुतीच्या देवळात बसून बायकांचा रोज ठरवत आणि भोंग्यावरून सांगत. जास्त देईल त्याला दंड. सोयाबीनचा भाव व्यापारी ठरवतो म्हणून हेच लोक बोंबलणार आणि आमच्या आयांच्या घामाचा भाव, आयांना न विचारता, हेच ठरवणार!

एका वर्षी मावशीनं टोळी ऑटोत घालून शेजारच्या गावी नेली. तिथं रोज जास्त होता. तिसऱ्या दिवशी बागायतदार अण्णांनी वेशीवर ऑटो अडवला. "मजुरी अशी वाढली तर गावाचा विकास व्हायचा कसा?"

"गाव म्हंजे कोन वो अण्णा? आमी न्हाय व्हय त्यात?" मावशी खाली उतरली. "उतरा गं बायांनो. आता कुटंच जायचं न्हाय."

मी तावातावानं पत्रक लिहिलं. मावशीनं ते वाचून घेतलं. "लई भारी लिवलंस गं. पन ह्यात आमचा रोज कुटं हाय?"

पाच दिवस बाया काम बंद ठेवून निंबाखाली बसल्या. शेंगा तडकू लागल्या. सहाव्या दिवशी भोंग्यावरून वाढीव रोज जाहीर झाला. कामाचं बोलावणं सगळ्यांना आलं, मावशी सोडून. तिला कुणीच काम द्यायचं नाही, हेही देवळातच ठरलं होतं.

आई विळा घेऊन नुसती बसून राहिली. मावशीच दारात आली. "बसलीस काय? जा की. ह्याच्यासाठीच बसलो होतो न्हवं?"

अण्णांच्या शेतात आईनं दुसरी पात धरली. संध्याकाळी कडेला एक पट्टा तसाच उभा.

"ही कुणाची राहिली?" अण्णा ओरडले.

"जिची हाय तिला बोलवा," आई म्हणाली.

अण्णांनी बोलावलं नाही. मावशी सोलापूरला लेकीकडं गेली, ती कायमची. वाढलेला रोज त्या दिवाळीला गावातल्याच शिंप्याकडं, किराणा दुकानात फिरला. विकास म्हणतात तो हाच, आणि तो आणणारीला गावानं हाकललं.

तो पट्टा मात्र उन्हात तडकून मातीत गेला. एकाही बाईनं त्याला विळा लावला नाही, आणि अण्णांच्या घरात विळा धरता येणारं कुणी नव्हतं.