धूर विस्कटला

धूर फटीतून बाहेर आला आणि तिथेच विस्कटला. मी हादरलेच. परीक्षक दुपारी येणार होते.

प्रयोग सांगायला सोपा आहे. खोक्यात पंखा बसवायचा आणि त्याची हवा एका बारीक, रुंद फटीतून काचेच्या भिंतीलगत सोडायची. हवेत धूर मिसळायचा, खोली अंधारी करायची, लेझरचा हिरवा पट्टा टाकायचा. मग हवा चक्क दिसते. आधी ती शहाण्या मुलीसारखी भिंतीला धरून चालते, पुढे तिच्यात भोवरे उठतात. ते नेमके कुठे उठतात, यावर माझी पीएचडी उभी होती. माझे मार्गदर्शक सर महिनाअखेर निवृत्त होणार होते. आज प्रयोग फसला, तर नवे मार्गदर्शक शोधा आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

दसऱ्याच्या सुट्टीआधी सगळं नीट चालत होतं. मी टॉर्च घेऊन वाकले. फटीच्या काठावर मुगाच्या डाळीएवढा लाल ठिपका होता. ओलं कुंकू लावलेलं, वाळून टणक झालेलं.

खंडेनवमीला आमच्या कॉलेजात लेथपासून ड्रिलपर्यंत सगळ्या यंत्रांना हळदकुंकू लागतं. माझ्या यंत्राला कुणी बोट लावायचं नाही, असं मी बजावलं होतं. आमचं घर बौद्ध, पण कारण ते नव्हतं. त्या काठाला केस चिकटला तरी हवा बिघडते. म्हणून तर मी कुलूप घालून गेले होते.

"कुणा मेल्यानं केलं हे?" मी ओरडले.

दुसरी किल्ली फक्त सरांकडे होती, हे ओरडून झाल्यावर आठवलं. सर दारातच उभे होते.

"मीच लावलं."

जे मोजता येत नाही ते माझ्याकडे आणू नका, असं वर्गात ठणकावणारे सर! कॉलेजच्या गणपतीच्या आरतीत घड्याळ बघत उभे राहणारे सर!

"सर, तुम्ही? तुम्ही तर देव मानत नाही!"

"नायच मानत." गावाकडची, बिडकीनची बोली सरांच्या तोंडी मी पहिल्यांदाच ऐकली. "पण मी गेल्यावर तुला कोण बघंल, याचा लई घोर लागला होता. तुमच्यात चालत नाय, म्हणून न सांगता लावलं."

"मग पंख्याच्या खोक्याला लावायचं होतं ना!"

"काठच सगळ्यात महत्त्वाचा, असं तूच म्हणतीस."

मला संताप आवरेना आणि तो काढायचा कुणावर तेही कळेना. सर खाली मान घालून उभे होते, नापास झालेल्या पोरासारखे. मी स्पिरिट लावलेलं फडकं घेतलं आणि तो ठिपका हळूहळू पुसायला लागले. निम्मा पुसला असेल नसेल, तोच मला रडू फुटलं.

"आता रडू नको," सर घाबरून म्हणाले, "काठाला पाणी लागंल."