निवारण झाले

नगरपालिकेच्या दुसऱ्या मजल्यावर, जिन्याला लागून तक्रार कक्ष होता. चार टेबलं, चार फोन, आणि खिडकीशेजारच्या टेबलावर सव्वीस वर्षं एकच बाई. तिला सगळे हॅलोताई म्हणायचे. दिवसातून दोनशे वेळा हॅलो म्हणणाऱ्या बाईला दुसरं काय म्हणणार?

तिची कामाची पद्धत ठरलेली होती. तक्रार आली की जाड वहीत नाव, पत्ता, फोन नंबर आणि गाऱ्हाणं लिहायचं, चिठ्ठी त्या त्या विभागाला धाडायची आणि चौथ्या दिवशी आपण होऊन फोन करायचा. "झालं का हो काम?" माणूस हो म्हणाला तरच लाल पेनानं बरोबरची खूण. नाही म्हणाला की विभागातल्या मुकादमाच्या मागे हात धुऊन लागायचं. मुकादम तिच्या फोनला टरकून असत. एकानं तर घरी बायकोला सांगून ठेवलं होतं, "तिचा फोन आला तर मी अंघोळीला गेलोय म्हण." हॅलोताईनं सलग तीन दिवस त्याला अंघोळीतून बाहेर काढला होता.

मग शहराचा कारभार सुधारायचं ठरलं. कक्षाला रंग लागला, टेबलांवर संगणक आले, भिंतीवर दाराएवढा पडदा लागला. वरून नवे उपप्रमुख आले. माणूस हुशार, तरतरीत, कपडे नेहमी कडक इस्त्रीचे. पण कुणीही काहीही सांगितलं की त्यांचा पहिला प्रश्न, "टक्के किती?" आठवडाभरात त्यांचं नाव टक्केसाहेब पडलं.

हॅलोताईला संगणकाचं वावडं नव्हतं. उलट तिला तो आवडला. रस्ता टाकला की नकाशा दिसायचा, विभागाला तक्रार तिथल्या तिथे पोचायची. सर्वांत आवडली ती शेवटची सोय. तक्रार बंद झाली की माणसाच्या मोबाइलवर निरोप जायचा : आपल्या तक्रारीचे निवारण झाले आहे. समाधानी असल्यास १ पाठवा, नसल्यास २. दोन आला की तक्रार आपोआप पुन्हा उघडायची. "हे तर माझंच काम, न थकता करणारं," ती घरी थोरल्या बहिणीला कौतुकानं म्हणाली.

महिन्याभरात टक्केसाहेबांनी चौघींना बोलावलं. "लोक उगाच दोन दाबतात. आकडे बिघडतात. आजपासून मोबाइलच्या रकान्यात हा नंबर टाकायचा." तो नंबर ऑफिसच्याच एका फोनचा होता. तो फोन साहेबांच्या शिपायाकडे असे. तिमाही संपली की साहेब हजारो तक्रारी एका बटणात बंद करत आणि शिपाई दोन दिवस बसून एक, एक, एक दाबत राही. बाकीच्यांनी त्याला अंगठाबहाद्दर ही पदवी दिली होती.

हॅलोताईला ते पटलं नाही. पण तिनंही तोच नंबर टाकला. नोकरीला चार वर्षं उरली होती, घरात पगार आणणारी ती एकटीच आणि हुकूम लेखी नसला तरी हुकूम होता. सवयीनं ती वहीत मात्र खरे नंबर लिहीत राहिली. टक्केसाहेब वही पाहून हसले. "ताई, ही संग्रहालयात द्या."

थोरली घरी शिवणकाम करायची. दोघीही एकट्या, आईबाप गेल्यापासून एकमेकींच्या आधारानं राहिलेल्या. एका सकाळी ती शिवलेले गणवेश द्यायला शाळेत निघाली. दोन्ही हातांत गठ्ठे, पायाखालचं दिसेना. वाचनालयामागच्या गल्लीत गटाराच्या चेंबरला झाकण नव्हतं. कमरेपर्यंत आत गेली. कमरेचं हाड मोडलं, शस्त्रक्रिया झाली आणि डॉक्टरांनी सांगितलं की चालता आलं तरी काठीनं, तेही नऊ-दहा महिन्यांनी.

आठ दिवसांनी हॅलोताई कामावर आली. खुर्चीत बसली आणि तिनं संगणकावर त्या गल्लीचं नाव टाकलं. तक्रार होती. कोपऱ्यावरच्या वाण्यानं बहीण पडायच्या आधी बारा दिवस केलेली, तिमाही अखेरीच्या बटणात मिटलेली. घेणारी : ती स्वतः. मोबाइल : शिपायाकडचा. शेरा : निवारण झाले. समाधान : १.

तिनं त्या एक आकड्यावर बोट ठेवलं. वरचा मोबाइल नंबर तिच्याच बोटांनी टाकलेला होता. वाण्याला निरोप गेला असता तर त्यानं दोन दाबला असता. खवट माणूस, दहा वेळा दाबला असता.

ती उठून टक्केसाहेबांच्या दालनात गेली. त्यांनी सहानुभूतीनं ऐकलं, संगणकात पाहिलं आणि कपाळाला आठी घातली.

"पण ताई, सिस्टीममध्ये तर झाकण आहे."

"माझी बहीण पडली साहेब."

"हो, वाईटच झालं. पण तुम्ही बाहेर असं बोलू नका. नोंद आपल्या बाजूनं आहे. आणि नोंद तुमच्या हातची आहे, हेही लक्षात ठेवा."

हॅलोताई "बरं साहेब" म्हणाली आणि बाहेर आली. ती चिडून बोलणारी बाई नव्हती. पण त्या दिवशी तिनं डूख धरला. सापानं धरावा तसा, गार आणि पक्का.

दुसऱ्या दिवसापासून तिनं कामाला हात घातला. तक्रार उघडी असेपर्यंत तिच्यातला मोबाइल नंबर बदलता येई. फोन शांत असला की ती वही उघडायची, नाव जुळवायची, शिपायाचा नंबर खोडायची आणि माणसाचा खरा नंबर घालायची. दिवसाला साठ, कधी ऐंशी. शेजारच्या ऑपरेटरनं चौथ्या दिवशी ओळखलं. चष्मा वर करत ती हळूच म्हणाली, "माझ्या टेबलावरच्या तक्रारींचे खरे नंबर माझ्या डायरीत आहेत. हवेत का?" हॅलोताईनं हात पुढे केला. पुढच्या आठवड्यात उरलेल्या दोघींच्या डायऱ्याही आल्या.

दहा आठवडे हे चाललं. घरी ती थोरलीला कुशीवर वळवायची, पाठ पुसायची, तिचं कण्हणं ऐकायची आणि मनात म्हणायची, आज बहात्तर. तिला त्यातून जे बळ मिळायचं ते औषधापेक्षा जालीम होतं. भूक लागायची, जिने चढताना दम लागायचा नाही. थोरली एकदा म्हणालीसुद्धा, "माझी कंबर मोडली आणि तुझ्या अंगाला मानवलं गं."

तिमाही अखेर आली. उत्तम नागरी सेवेचं पारितोषिक ठरवणारे परीक्षक त्याच दिवशी येणार होते. टक्केसाहेबांनी मुद्दाम जुळवून आणलं होतं; पाहुण्यांसमोर बटण दाबायचं आणि पडद्यावरचा लाल आकडा हिरवा होताना दाखवायचा. आयुक्तबाई पहिल्या रांगेत बसल्या. साहेबांनी छोटं भाषण केलं आणि बटण दाबलं. चार हजारांवर तक्रारी एका क्षणात मिटल्या. टाळ्या पडल्या.

मागे उभा असलेला अंगठाबहाद्दर हातातला फोन उलटापालटा करून बघू लागला. फोन गप्प होता.

हॅलोताईनं घड्याळाकडे पाहिलं. चौथ्या मिनिटाला पडद्यावरचं नागरिक समाधान अठ्ठ्याण्णवावरून एक्क्याण्णवावर आलं. मग चौऱ्याऐंशी. सत्तर. एका परीक्षकानं चष्मा पुसून पुन्हा लावला. "हे असं का उतरतंय?"

"तांत्रिक अडचण," साहेब म्हणाले. त्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

तेवढ्यात चारही फोन एकदम वाजले. हॅलोताईनं उचलला. पलीकडे कुणी म्हातारे गृहस्थ होते. "बाई, माझ्या दारातला कचरा उचलला म्हणे. मी नाक दाबून त्याच्याशेजारीच उभा आहे."

"एक मिनिट हं. साहेब इथेच आहेत, जोडून देते."

तिनं पाहुण्यांसमोरच्या टेबलावरच्या फोनला जोडून दिलं, आवाज सगळ्यांना ऐकू जाईल असा. मग दुसरा. मग फुटलेल्या नळाचा. मग आठ महिने अंधारात असलेल्या जिन्याचा. प्रत्येकाला ती त्याच मऊ आवाजात सांगत होती, "साहेबांशीच बोला." साहेब फोन ठेवत होते, तो पुन्हा वाजत होता. आकडा एकतीसवर आला तेव्हा आयुक्तबाई उठल्या आणि पडदा बंद करायला सांगितलं. हॅलोताईनं सव्वीस वर्षांत इतका गोड दिवस पाहिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी चौकशी झाली. टक्केसाहेबांनी तिच्याकडे बोट दाखवलं. "यांनी माहितीत फेरफार केलाय."

आयुक्तबाईंनी विचारलं, "काय फेरफार केलात?"

"खरे नंबर घातले, मॅडम."

"कुणाच्या सांगण्यावरून?"

"फॉर्मवरच लिहिलंय. तक्रारदाराचा मोबाइल क्रमांक."

तिनं वही पुढे ठेवली आणि वाण्याची तक्रार काढून दाखवली. ही नोंद माझ्याच हातची, हेही सांगितलं. आयुक्तबाईंनी तिला लेखी समज दिली. टक्केसाहेबांची खुर्ची काढून घेतली आणि शिक्षा दिली ती अशी : त्या चार हजार तक्रारी त्यांनी स्वतः जाऊन पाहायच्या, काम झाल्याचा फोटो काढायचा, माणसाची सही घ्यायची. रोजची यादी तक्रार कक्षातून मिळेल.

यादी हॅलोताई करायची. पहिला पत्ता शहराच्या या टोकाला, दुसरा त्या टोकाला, तिसरा पुन्हा इकडे. चौथ्या मजल्यावरची घरं ती वेचून काढायची. साहेबांच्या इस्त्रीची घडी आठवड्याभरात गेली. एकदा ते काकुळतीला येऊन म्हणाले, "ताई, जरा जवळजवळचे पत्ते एकत्र घातले तर?"

"सिस्टीममध्ये असाच क्रम आहे, साहेब."

तिसऱ्या आठवड्यात यादीत तिनं स्वतःचा पत्ता घातला आणि त्या दिवशी रजा घेतली. भर दुपारी साहेब दारात आले. घामानं निथळत होते, बूट धुळीनं माखलेले. तिला पाहून थबकले.

"या. तक्रार आतल्या खोलीत आहे."

थोरली पलंगावर उशीला टेकून बसली होती. साहेब तिच्यासमोर उभे राहिले. "मी मुद्दाम नव्हतं केलं," ते हॅलोताईकडे न बघता म्हणाले. "मी आकडेच बघत होतो."

"आता माणूस बघा. आणि ती सांगते ते शब्द न बदलता लिहा."

साहेब लिहायला वाकले, तसा कपाळावरचा घाम कागदावर टपकला. थोरलीनं त्यांच्याकडे नीट पाहिलं, पलंगाशेजारचा तांब्या उचलला, पेला भरला आणि पुढे केला. "आधी बसा. पाणी प्या." साहेब स्टुलावर बसले, घटाघटा प्यायले आणि दुसरा पेला मागितला. मग तिनं जे झालं ते चार वाक्यांत सांगितलं. राग नाही, रडणं नाही. त्यांनी लिहिलं, सही घेतली आणि खाली मान घालून निघून गेले.

दार लावून हॅलोताई फणकाऱ्यानं वळली. "काय गरज होती? दहा आठवडे हाडं झिजवून मी हा दिवस आणला, आणि तू सगळं पाण्यात घातलंस."

"तहानलेला होता तो."

"माझा सूड होता तो."

थोरलीनं पेला उपडा ठेवला. "कंबर माझी मोडली. सूड तुझा कसा झाला?"

हॅलोताई तांब्या उचलून स्वयंपाकघरात गेली. दुसऱ्या दिवशी ती कामावर गेली आणि त्या दिवशीचीही यादी तिनं तशीच केली, या टोकाचा एक, त्या टोकाचा एक. बहिणीचं बोलणं तिला लागलं होतं, पण हात ऐकत नव्हते. साहेबांनी सहा महिने ती वणवण केली, साडेतीन हजार दारं पाहिली आणि मग दुसरीकडे बदली मागून घेतली. जाताना ते कक्षात सगळ्यांचा निरोप घ्यायला आले. हॅलोताई फोनवर होती. तिनं फोन लांबवला.

तक्रारदार स्वतः हो म्हणेपर्यंत तक्रार बंद होणार नाही, असा लेखी नियम नंतर निघाला. थोरली काठी घेऊन गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊ लागली. एका संध्याकाळी परत येऊन टेकताना तिनं विचारलं, "तो गेला म्हणे. राग गेला का तुझा?"

हॅलोताईनं खरं तेच सांगितलं. "नाही."

"बरं," थोरली म्हणाली आणि शेंगांची परडी तिच्याकडे सरकवली. "मग बस, या सोलायला लाग."