खड्यातून दिसलेला तीळ

आमच्या बोळिंजच्या सोसायटीत कोणी दागिना घेतला की तो आधी देवापुढे ठेवायचा आणि मग प्रल्हादरावांपुढे, अशी पद्धतच पडली होती. प्रल्हादराव माझे शेजारी. मुंबईतल्या एका पेढीवर हिरे निवडण्याचं काम त्यांनी उभं आयुष्य केलं. खिडकीजवळचं टेबल, त्यावर पांढरा कागद, कागदावर ओतलेले बारीक गोल हिरे, आणि चिमट्याने एकेक खडा इकडे की तिकडे हे ठरवायचं. निवृत्त झाल्यावर चिमटा आणि भिंग त्यांच्याबरोबर घरी आलं. रविवारी सकाळी ते गॅलरीत बसत आणि लोक कुड्या, अंगठ्या घेऊन येत. पैसे ते कधी घेत नसत. बोलतही फार नसत. पण जे बोलत ते दुपारपर्यंत सगळ्या इमारतीत पोचलेलं असे.

"बेलावहिनी, खडा सुरेख आहे," तिसऱ्या मजल्यावरच्या बेलाबाईंना ते एकदा म्हणाले होते, "फक्त हातातून पडू देऊ नका. काच लगेच फुटते."

कोणी सर्टिफिकेट पुढे केलं तर म्हणत, "हा कागद बोटात घालणार आहात का?"

लोक हसत. मीही हसत असे. ज्याची अंगठी असे तो मात्र हसत नसे, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं.

गेल्या वर्षी त्यांच्या नातवाचं, हर्षवर्धनचं, लग्न ठरलं. मुलगी आगाशीची, अनुष्का. वाडीवाल्यांचं घर, केळी आणि फुलांची बाग, मुलगी मात्र बँकेत नोकरीला. साखरपुड्याची अंगठी मुलाकडून जायची होती आणि हर्षवर्धनच्या आईवडिलांनी ते काम आजोबांवर सोपवून टाकलं. अनुष्काने एक फोटो पाठवला होता. तिला गोल हिरा नको होता. लांबट चौकोनी, कोपरे कापलेला आणि आत पायऱ्यापायऱ्या उतरत गेल्यासारखा दिसणारा हवा होता. त्याला स्टेप कट म्हणतात. असे खडे दुकानात फार नसतात, म्हणून हर्षवर्धन ऑनलाइन शोधत होता.

त्या संध्याकाळी मी त्यांच्याकडेच होतो. लॅपटॉपवर दोन खडे उघडलेले होते. वजन सारखं, किंमतही जवळपास सारखी. पांढऱ्या पार्श्वभूमीवर दोन्ही खडे गोल गोल फिरत होते.

"आजोबा, एक अडचण आहे," हर्षवर्धन म्हणाला. "गोल हिऱ्याच्या सर्टिफिकेटवर कट कसा आहे ते लिहितात. या आकाराला लिहीतच नाहीत. नुसती मापं देतात. मी जरा वाचलंय, त्यात म्हणतात की खोली..."

"कट मी सांगतो. तू माउस धर."

पहिला खडा वरून लहान दिसत होता. फिरताना त्याची एक पायरी काळी पडे, शेजारची उजळे, पुढच्या क्षणी उलट.

"काळा पडतोय," प्रल्हादराव म्हणाले. "पुढचा."

दुसरा पसरट होता. तेवढ्याच वजनात चांगला मोठा दिसत होता आणि मधोमध पांढराशुभ्र, कुठे सावली नाही.

"हा घे. माल असा पसरलेला पाहिजे. दहा माणसांत उठून दिसेल."

हर्षवर्धनने परत व्हिडिओ फिरवला. थांबवला. "मधला भाग जरा..."

"मधला भाग काय? पेढीवर माझी जागा तुला देऊ का?"

प्रल्हादरावांच्या पत्नी, लतिकावहिनी, स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "अहो, त्याला बोलू तर द्या." पण तोपर्यंत हर्षवर्धनने ऑर्डर दिली होती.

अंगठी आली ती लतिकावहिनींनी देवापुढे ठेवली. माप बघायला म्हणून प्रल्हादराव आणि हर्षवर्धन आगाशीला निघाले. आणखी एक मोठं माणूस बरोबर असावं म्हणून मलाही नेलं. अनुष्काच्या आईने, रचनाताईंनी, घरच्या वाळवलेल्या केळ्यांची सुकेळी आणि चहा पुढे केला. येताना वाटेत प्रल्हादराव मला सांगत होते की अशा घरी खडा दाखवायला मजा येते, त्यांना समजावून सांगता येतं.

अनुष्काने अंगठी घातली. मापाला बरोबर बसली. सगळ्यांनी तिचा हात धरून बघितला. शेवटी तिच्या आजी, रखमाबाई, पुढे सरकल्या. त्यांनी नातीचा हात दारातल्या उजेडात नेला आणि आनंदाने म्हणाल्या, "गो बाय, किती निवळ! पान्यासारखा! बघा, आतून बोटावरचा तीळ पन दिसतो!"

सगळे बघायला लागले. खरंच, अनुष्काच्या बोटावर बारीक तीळ होता आणि तो हिऱ्याच्या मधोमध बसवल्यासारखा दिसत होता.

"कमाल आहे," रचनाताई म्हणाल्या. "व्याहीबुवांची नजरच तशी."

मी प्रल्हादरावांकडे पाहिलं. ते सुकेळीचा तुकडा तोंडात तसाच धरून बसले होते. मला वाटलं दातात अडकलं असेल. हर्षवर्धन मान खाली घालून चपलेच्या पट्ट्याशी चाळा करत होता.

माप बरोबर होतं म्हणून अंगठी आम्ही परत आणली होती, साखरपुड्यापर्यंत ठेवायला. घरी आल्यावर प्रल्हादरावांनी भिंग काढलं नाही. अंगठी आपल्या करंगळीच्या टोकावर चढवली आणि बघत राहिले. मग मला म्हणाले, "अहो मुळे, मला ही चूक कशी दिसली नाही?"

मला काही कळलं नव्हतं. ते त्यांनीच सांगितलं. खड्याचा तळ उथळ होता. चांगल्या कटात वरून शिरलेला उजेड खालून परत फिरतो. इथे तो सरळ आरपार जात होता. मागे जे असेल तेच दिसायचं. व्हिडिओत मागे पांढरं होतं, म्हणून खडा शुभ्र वाटला. "सगळं आयुष्य पांढऱ्या कागदावर बघितलं ना," ते म्हणाले, "मला कागदच हिरा वाटला." आणि पहिल्या खड्यात जे काळं-पांढरं फिरत होतं तीच त्या कटाची खूण होती. गोल हिऱ्यांत त्यांनी ती कधी शोधलीच नव्हती.

अंगठी महिन्याच्या आत परत करता येत होती आणि महिना संपत आला होता. सांगितलं नसतं तरी चाललं असतं. आगाशीची मंडळी खूश होती. पण कधीतरी बँकेत, कुठल्या तरी लग्नात, कोणीतरी जाणकार अनुष्काच्या हाताकडे बघून बेलावहिनींना ऐकवलेलं वाक्य तिला ऐकवणार, हे प्रल्हादरावांना दिसत होतं. त्या रविवारी ते गॅलरीत बसले नाहीत.

मग त्यांनी हर्षवर्धनला बोलावलं. मी उठायला लागलो तर म्हणाले, "बसा. चूक तुमच्यासमोरच केली होती."

"हर्षा, खडा चुकला. मध्ये मोकळा आहे तो."

"माहीत आहे, आजोबा," हर्षवर्धन म्हणाला.

"आगाशीला कळलं तुला?"

"नाही. त्याच दिवशी. व्हिडिओ थांबवला तेव्हा."

"मग बोलला का नाहीस?"

"तुम्हाला कोण सांगणार?"

हे तो रागाने म्हणाला नाही. साधं, पंखा बंद करू का विचारावं तसं म्हणाला. प्रल्हादरावांचा चेहरा असा झाला की मी दुसरीकडे बघितलं. खडा चुकल्याचं दुःख त्यांना पेलत होतं. हे पेललं नाही. लतिकावहिनी दारात उभ्या होत्या, त्याही त्यांच्या बाजूने काही बोलल्या नाहीत.

पहिला खडा अजून विकला गेला नव्हता. हर्षवर्धनने खडा बदलून घेतला आणि अनुष्काला फोनवर सांगितलं. तिच्या घरच्या मोठ्यांना सांगायचं राहून गेलं. खरं म्हणजे प्रल्हादरावांनी ते काम स्वतःकडे घेतलं होतं, आणि रोज उद्यावर ढकललं.

साखरपुडा आगाशीच्या हॉलमध्ये होता. अंगठ्या घालून झाल्या, टाळ्या झाल्या, फोटो झाले. रखमाबाईंनी कौतुकाने नातीचा हात धरला आणि त्यांचा चेहरा बदलला.

"ही ती नव्हे," त्या म्हणाल्या. "ती मोठी होती. हिच्यात तीळ नाय दिसत."

रचनाताई पुढे आल्या. आजूबाजूच्या बायका जवळ सरकल्या. कोणीतरी हळूच म्हणालं, "दाखवली एक, घातली दुसरी?" अनुष्का म्हणायला लागली, "आजी, ऐक ना," पण तिचं कोण ऐकतं! मुलाकडच्यांनी खडा बदलला, ही बातमी जेवणाच्या पंगतीपर्यंत पोचायला वेळ लागला नसता. हर्षवर्धनने आजोबांकडे बघितलं आणि लगेच नजर काढून घेतली. या वेळीही तो बोलणार नव्हता.

प्रल्हादराव खुर्चीच्या पाठीला धरून उठले.

"आजीबाई, बदलली. मीच बदलायला लावली," ते म्हणाले. त्यांचा आवाज इतका बारीक झाला होता की मागच्या बायकांनी "काय म्हणाले?" विचारलं आणि त्यांना ते पुन्हा, मोठ्याने म्हणावं लागलं. "वजन तेवढंच आहे, किंमत तेवढीच. आधीचा खडा मी निवडला होता. तो वाईट होता. या कटातलं मला कळत नाही, आणि कळतं असं मी सांगितलं. ज्याला दिसलं होतं त्याला मी बोलू दिलं नाही. तीळ दिसायला नको होता."

हॉलमध्ये आमच्या सोसायटीचीही मंडळी होती. बेलावहिनी तिथेच, हातात सरबताचा ग्लास घेऊन उभ्या होत्या. त्यांच्याकडे पाहताना प्रल्हादरावांचे कान लाल झाले.

रखमाबाईंनी पुन्हा एकदा अंगठीत डोकावून पाहिलं. "मला तर तो आवडला होता," त्या खट्टू होऊन म्हणाल्या. मग नातीचा हात सोडला. "बरं. ताटं वाढली, चला व्याही."

ते माझ्या शेजारी पानावर बसले. श्रीखंड होतं, त्यांना आवडणारं. त्यांनी पुरीने त्यावर नुसत्या रेघा ओढल्या.

रविवारी अजून कोणी ना कोणी येतं. मागच्या आठवड्यात एक नवं जोडपं अंगठी घेऊन आलं. प्रल्हादरावांनी ती हातात घेतली नाही. भिंग त्या मुलीपुढे सरकवलं.

"आधी तुम्ही अंगठी घालून बघा," ते म्हणाले. "काय दिसतं ते मला सांगा. अगदी वाईट असलं तरी सांगा."