अंबूआत्या काचेच्या पेटीत

शक्य असेल त्यांनी उभं राहून ऐकावी, अशी एक गंभीर गोष्ट मी आज जाहीर करते. बंगलोर शहरात टेलिव्हिजनच्या पडद्यावरून पहिलं मराठी वाक्य आमच्या अंबूआत्यानं उच्चारलं. ते वाक्य होतं, ‘‘अगंबाई, कुंकू विस्कटलंय की!’’ इतिहासात याची नोंद नाही. इतिहासानं आमच्या घराण्याकडे कायमच दुर्लक्ष केलं आहे.

साठ साल उलटून दोनचार वर्षं झाली होती. आम्ही राहायचो शिवाजीनगरात. आमचे पूर्वज तीनशे वर्षांपूर्वी इकडे आले आणि परत जायचं विसरले. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर कन्नड. त्यामुळे बाहेर मराठी म्हणजे आमची कुलूपबंद पेटी! बसमध्ये शेजारी बसलेल्या बाईच्या नाकाबद्दल, भाजीवाल्याच्या वांग्यांबद्दल, डॉक्टरच्या अकलेबद्दल त्यांच्या तोंडावर वाटेल ते बोलावं. कुणाला कळतंय?

माझं वय तेव्हा बावीस. माझ्यासाठी आलेली पहिली दोन स्थळं अंबूआत्यानं बुडवली होती. अंबूआत्या म्हणजे अण्णांची, माझ्या वडिलांची, थोरली बहीण. तिचं म्हणणं, ‘‘भेंडीसुद्धा आपण शेंडा मोडून घेतो. मग जावई काय तसाच पिशवीत टाकायचा?’’ म्हणून मुलगी दाखवण्याच्या आधी मुलगा चोरून बघायचा. पहिल्या मुलाच्या मागे ती देवळापर्यंत गेली, तर त्याला वाटलं बाई चपला चोरायला आली आहे. दुसऱ्याच्या दारात एका बाईला तिनं हळूच विचारलं, ‘‘हा मुलगा पितो का हो?’’ ती बाई त्याची आई होती.

तिसरं स्थळ होतं श्रीधरचं. घर येलहंक्याला, आई करारी, नोकरी रेडिओच्या कारखान्यात. येत्या रविवारी ते मला बघायला येणार होते. त्याचा फोटो आला होता आणि मी तो गणिताच्या जुन्या पुस्तकात ठेवला होता. (त्या आठवड्यात मी गणिताचा फार अभ्यास केला.) हे स्थळ मोडू नये एवढीच माझी देवाकडे मागणी होती. पण देवाच्या आधी अंबूआत्याला बातमी लागली, की मैदानावर मोठं प्रदर्शन भरलंय, तिथे नवी नवी विजेची यंत्रं ठेवली आहेत आणि त्यातल्या एका तंबूत कारखान्यातर्फे श्रीधर उभा असतो.

‘‘गोविंदा, चप्पल घाल,’’ आत्या अण्णांना म्हणाली.

‘‘अक्का, रविवारी येतोच आहे ना तो!’’

‘‘रविवारी तो इस्त्री करून येईल. मला बिनइस्त्रीचा बघायचाय.’’

‘‘आणि त्याच्या आईला कळलं तर?’’

‘‘कोण सांगणार आहे? कुणी विचारलंच तर आपण कोलारहून आलोय. त्याच्यासमोर फक्त कन्नड बोलायचं. शालू, ऐकलंस? एक शब्द मराठी काढलास तर बघ!’’

मी मान डोलावली. ही सूचना वाचकांनी लक्षात ठेवावी. मी ती फारच लक्षात ठेवली.

असलं प्रदर्शन आम्ही जन्मात पाहिलं नव्हतं. एका ठिकाणी कपडे धुणारं पिंप गरगरत होतं. दुसऱ्या ठिकाणी एक माणूस बटण दाबून खोबऱ्याची चटणी वाटत होता आणि बायका त्याच्याकडे माहेरच्या माणसाकडे बघावं तशा बघत होत्या. बर्फाच्या कपाटासमोर अण्णा असे रेंगाळले, की आत्यानं त्यांना कोपराला धरून ओढून काढलं.

श्रीधरच्या तंबूत एका उंच टेबलावर काचेचं तोंड असलेली लाकडी पेटी होती. ती अजून अंधारीच होती. समोर पन्नासएक माणसं खुर्च्यांवर बसलेली, आणि श्रीधर कन्नडातून काहीतरी समजावून देत होता. काय, ते विचारू नका. आमचं तिकडे लक्षच नव्हतं! अण्णा त्याची उंची बघत होते, आत्या दात बघत होती, आणि मी काय बघत होते ते माझं मी बघून घेईन.

आत्यानं रागाची परीक्षा सुरू केली. ती म्हणजे एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारायचा.

‘‘यात गाणी लागतात का?’’ तिनं कन्नडात विचारलं.

‘‘गाणी लागतात, अम्मा, आणि गाणारा माणूसही दिसतो. स्वल्प थांबा, दहा मिनिटांत सुरू होईल.’’

‘‘सरी, सरी. पण यात गाणी लागतात का?’’

असं सहा वेळा! सहाव्या वेळी श्रीधरनं आतून एक स्टूल आणलं आणि म्हणाला, ‘‘बसा, अम्मा. उभं राहून पाय दुखले असतील.’’

त्या स्टुलावर आत्या बसली, आणि माझ्यापुरता विषय तिथेच संपला.

आता सल्लामसलत करायला जागा हवी. शेजारीच एक छोटा तंबू रिकामा दिसला. आत एक सुंदर बाक, कुंड्या, झगझगीत दिवे. समोर तीन पायांवर उभी केलेली एक पेटी, तिला पुढे काचेचा डोळा. शेजारी माईकचा दांडा. माणूस एकही नाही.

‘‘माईक आहे,’’ मी म्हणाले.

अण्णांनी दोनदा टिचक्या मारल्या. ‘‘बंद आहे. आवाज येत नाही.’’ (आवाज येत होता. पण शेजारच्या तंबूत.)

‘‘आणि ही पेटी?’’

‘‘फोटोची असेल. फोटोग्राफर नाही, म्हणजे फोटो नाही,’’ अण्णा म्हणाले. अण्णांचं तर्कशास्त्र नेहमीच असं पक्कं असे.

अंबूआत्यानं त्या काचेच्या डोळ्यात वाकून पाहिलं आणि ते ऐतिहासिक वाक्य उच्चारून कुंकू सारखं केलं. मग घरून आणलेल्या चित्रान्नाच्या (म्हणजे लिंबू पिळलेल्या फोडणीच्या भाताच्या) डब्याची पिशवी माईकच्या दांड्याला अडकवून ती बाकावर बसली.

‘‘हं. गोविंदा, तू बोल.’’

‘‘मुलगा नम्र आहे.’’

‘‘जरा जास्तच! सहा वेळा विचारलं, सहाही वेळा हसला. इतका शांत माणूस एक तर संत, नाहीतर पोटात ठेवणारा. शर्टाची गुंडी पाहिलीस? पांढऱ्या शर्टाला निळा दोरा. म्हणजे स्वतः शिवली.’’

‘‘म्हणजे घरात कुणी विचारत नाही,’’ अण्णा म्हणाले.

‘‘म्हणजे बायकोला त्रास नाही! शालू, तू का गप्प?’’

खरं म्हणजे मला गप्प राहता आलं असतं. पण फार आवडलेल्या गोष्टीला आधी नावं ठेवायची, ही माझी लहानपणापासूनची खोड.

‘‘आत्या, त्याचे कान बघितलेस? कढईच्या कड्यांसारखे! दोन फडकी घ्यावीत आणि सरळ चुलीवरून उतरवावा.’’

आत्या इतकी हसली, की धक्क्यानं पिशवी हलली आणि डब्याचं झाकण वाजलं.

‘‘म्हणजे नको म्हणू?’’

‘‘नको म्हणू नकोस!’’ मी घाईघाईनं म्हणाले. ‘‘मला आवडलाय. कानांसकट आवडलाय. पण रविवारी मी जरा विचार करते असं म्हणणार आहे. त्याला आत्ताच कळलं ना, तर जन्मभर ऐकवील.’’

‘‘कसं कळेल?’’ आत्या डबा उघडत म्हणाली. ‘‘इथे मराठी कुणाला समजतंय!’’

आता शेजारच्या तंबूत काय चाललं होतं, ते ऐका. हे मला नंतर कळलं. सांगणाऱ्यानं ते मला इतक्या वेळा सांगितलंय, की मी तिथेच बसले होते असं वाटतं.

छोट्या तंबूत एका मुलीचा नाच व्हायचा होता आणि तो मोठ्या तंबूतल्या पेटीत दिसायचा होता. मुलगी आली नव्हती म्हणून यंत्रवाला यंत्र चालू ठेवून कॉफीला गेला होता. श्रीधरनं बटण दाबलं. आधी दोन टिचक्या ऐकू आल्या. मग काच उजळली आणि पडद्यावर एक कपाळ उगवलं. नुसतं कपाळ! मधोमध ताटलीएवढं कुंकू. पुढच्या रांगेतल्या फेटेवाल्या आजोबांनी चटकन हात जोडले.

मग कपाळ मागे सरलं आणि बाकावर तिघं बसलेली दिसली. नाचाऐवजी नाटक आहे, असं समजून लोक सावरून बसले.

‘‘एन् हेळ्तारे?’’ आजोबांनी विचारलं. म्हणजे, काय म्हणतायत?

‘‘श्रीधर, ही तुमची भाषा ना?’’ मागून त्याचे साहेब म्हणाले. ‘‘लोकांना कन्नडात सांग!’’

साहेबांचा हुकूम. बिचारा हात बांधून उभा राहिला आणि वाक्यावाक्याला सांगत गेला. ‘‘त्या म्हणतायत, मुलगा सहा वेळा हसला... गुंडीला निळा दोरा आहे...’’ लोक रंगले. डब्याचं झाकण वाजलं तेव्हा तंबूत वीज कडाडल्यासारखं झालं आणि मागची रांग उभी राहिली. ‘‘मुलीचं म्हणणं, त्याचे कान कढईच्या कड्यांसारखे आहेत,’’ श्रीधर म्हणाला, आणि त्याचे कान लाल झाले. ते शेवटच्या रांगेतूनही दिसले. मग कुणीतरी त्याच्या गुंडीकडे बोट दाखवलं, आणि पन्नास माणसांना एकदम सगळं समजलं!

आजोबा खवळले. ‘‘काय झालंय कानांना? चांगले आहेत! पुढे सांग, मुलगी काय म्हणाली?’’

पुढचं वाक्य श्रीधरनं ऐकलं. तो म्हणाला, ‘‘आवाज येत नाहीये.’’

‘‘येतोय की! आम्हाला ऐकू येतोय!’’

‘‘मला नाही येत,’’ श्रीधर म्हणाला, आणि त्यानं पेटी बंद केली.

इकडे आत्याला आठवलं, की मुलाची चाल बघायची राहिली. म्हणून चित्रान्न खाऊन, तोंडं पुसून आम्ही पुन्हा त्याच्या तंबूत शिरलो. पन्नास माणसं एकदम वळली. दोघांनी टाळ्या वाजवल्या. आत्याकडे पाहून आजोबांनी पुन्हा हात जोडले. मी टेबलावरच्या पेटीकडे पाहिलं, मग शेजारच्या तंबूकडे जाणाऱ्या जाड वायरीकडे पाहिलं, आणि चटकन अण्णांच्या मागे लपले.

‘‘आम्ही चटणीचं यंत्र बघायला आलोय,’’ अंबूआत्या कन्नडात म्हणाली. ‘‘कोलारहून.’’

कुणाचाही विश्वास बसला नाही.

आजोबांनी मला थेट गाठलं. ‘‘ए मुली, तू शेवटी काय म्हणालीस? या पोराला नेमकं तेवढंच ऐकू आलं नाही म्हणे.’’

अण्णा वर बघत तंबूचे बांबू मोजत होते. तिसरं स्थळही गेलं, असं मी मनात म्हटलं. तेवढ्यात श्रीधर दोन पावलं पुढे आला (चाल उत्तम होती) आणि हळूच मराठीत म्हणाला, ‘‘खरंच, मला काही ऐकू आलेलं नाही. तुम्ही रविवारी विचार करून सांगा. आईला मी काही बोलणार नाही.’’

इतका सज्जन माणूस! कुठल्याही शहाण्या मुलीनं खाली मान घालून घरचा रस्ता धरला असता. मी मात्र आत्याची सूचना तंतोतंत पाळली. त्याच्यासमोर फक्त कन्नड! आणि माईक नसतानाही शेवटच्या रांगेपर्यंत पोचेल अशा खणखणीत कन्नडात मी विचारलं,

‘‘अहो, एवढे मोठे कान असून ऐकू आलं नाही?’’